कंबोडियात डेटा महाग

“दारात एवढं मोठं देऊळ असताना कंबोडियात देवळं बघायला जायचं म्हणजे काय!” रघुनाथराव कनकलताबाईंच्या कानाशी पुटपुटले. “आणि गेली ती गेली. फोन नाही.”

मोबाइलच्या दुकानात बाक एकच, त्यामुळे दोघं अगदी दाटीनं बसले होते. कुरकुर मराठीत होती, तेव्हा दुकानात बाकी कुणाला कळायची भीती नव्हती. तंजावुरात मराठीचा एवढा उपयोग अजून आहे.

“भजनाच्या सगळ्या बायका निघाल्या, म्हणून गेली,” कनकलताबाई म्हणाल्या. “तुम्हीच ना ‘जा’ म्हणालात?”

“‘जा’ म्हटलं म्हणून काय इतकं जायचं?”

बायकोचा, सरोजाचा, फोन का येत नाही, हे चेतननं, त्यांच्या मुलानं, समजावून सांगितलं होतं. “तिकडे डेटा महाग, अप्पा. अम्मा फोन कसा करणार?” सून भुवनाही तेच सांगे. शेजारचे गुरुमूर्तीही तेच. रघुनाथरावांची सगळी नोकरी विमा कचेरीत गेलेली. तीन तोंडांतून एकच उत्तर आलं की त्यांना जुन्या सवयीनं संशय येई. पण सरोजाच्या बाबतीत संशय घ्यायला त्यांचं मन धजत नव्हतं. डेटा महाग ना? मग स्वस्त शोधायचा. एवढं साधं कुणाला सुचू नये?

एकट्यानं बाहेर पडायला घरात मनाई होती. मागं एकदा दूध आणायला म्हणून ते निघाले आणि पार पापनाशम गावाला जाऊन उतरले. चूक बसला पाटी लावणाऱ्याची, पण कोण ऐकतंय? तेव्हापासून कनकलताबाई सोबत असत. चेतननं त्यांना कुठून शोधून आणलं कोण जाणे. नाव विचारलं तेव्हा जरा थांबून ‘कनकलता’ म्हणाल्या होत्या. रघुनाथरावांना वाटलं, लाजाळू असतील. पण बाई मोठी भली. गोळ्या, फिल्टरची कापी, इस्त्रीचा सदरा, सगळं न सांगता हातात. रघुनाथराव देवासमोर हात जोडत तेव्हा सरोजा सुखरूप असू दे म्हणत, आणि मग, या बाईंचंही भलं कर.

दुकानातली अखिला गिऱ्हाइकातून मोकळी झाली. रघुनाथरावांनी तिला तमिळमध्ये सगळी हकीकत सांगितली.

“आपलं कार्ड तिकडे चालवलं की रोमिंग महाग पडतं, अप्पा,” ती म्हणाली. “विमानतळावर उतरल्या उतरल्या तिथलं सिम घेतलं असतं तर स्वस्तात झालं असतं. आता सगळ्यात बरं म्हणजे ई-सिम. कार्ड घालायचंच नाही. पैसे इथून भरायचे. एक चौकोनी कोड येतो, तो त्यांना पाठवायचा. त्यांनी तो फोनवर स्कॅन केला की नेट सुरू.”

“सरी, सरी! ठीक, द्या,” रघुनाथराव उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले. “पण नेटच नाही, तर तिला तो कोड मिळणार कसा?”

“हॉटेलात वायफाय असतंच की, अप्पा. फुकट असतं.”

“फुकट?” रघुनाथरावांनी चष्मा काढला. “मग त्या वायफायवरून ती फोन का करत नाही?”

अखिलानं कनकलताबाईंकडे पाहिलं. कनकलताबाईंनी काउंटरच्या काचेकडे. 

“चला,” कनकलताबाई मराठीत म्हणाल्या. “कापी घेऊ आधी.”

राजवाड्याच्या भिंतीलगत कापीचा ठेला होता. रघुनाथरावांनी पेला हातात धरला, पण प्यायले नाहीत.

“सगळे माझ्यापासून काहीतरी लपवतायत,” ते म्हणाले. “तुम्हीसुद्धा.”

कनकलताबाईंनी सुट्टे पैसे काढून ठेलेवाल्याला दिले.

“रुसलीय ती. दुसरं काही नाही ना? रुसलीच आहे ना?”

“कशावरून रुसेल?”

“तिच्या हातच्या कशालाही मी कधी बरं म्हटलं नाही. मीठ कमी तेवढं सांगितलं. आता एकटा पडल्यावर कळतंय.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुमची डांगरपचडी तिच्याहून सरस होते. तिला मात्र सांगू नका हं.”

“नाही सांगणार,” कनकलताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय, रघुनाथरावांना कळलं नाही.

“लागलाच फोन, तर काय बोलणार?” कनकलताबाईंनी विचारलं. “लवकर ये म्हणणार?”

“छे हो. बघू दे सावकाश. एवढी वर्षं कुठं नेलं मी तिला?” रघुनाथराव रस्त्याकडे बघत राहिले. “तिला थँक्स म्हणायचंय. तुम्ही कापी दिली की मी थँक्स म्हणतो, चष्मा दिला की थँक्स. परवा मनात आलं, परक्या बाईला दिवसभर म्हणतोय, आणि जिनं आख्खा जन्म माझ्यापायी घालवला, तिला एकदाही नाही. आमच्यात नवरे म्हणत नाहीत ना तसं. म्हणून तो डेटा हवा होता. तेवढ्यापुरता.”

कनकलताबाईंनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

“म्हणा की मग,” त्या म्हणाल्या. “कनकलता हे माझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘सरोजा’ लिहिलंत, ते तुम्हीच.”