कपाटातली नक्कल

धरणात जाणाऱ्या जमिनींची यादी पुण्याच्या कॉम्प्युटरात चढली, तेव्हा सोजराबाईची विहीर तिच्यातून गळाली. भरल्या विहिरीचं रान कागदावर कोरडवाहू झालं. आठ महिने तिनं कळमनुरीच्या धरण हापिसाचा उंबरठा झिजवला, तेव्हा कुठं पुण्याच्या कॉम्प्युटरच्या टेपेवर विहीर नोंदली गेली.

उन्हाळ्यात ती टेप मशीनमध्ये अडकून तुटली. पण धरण हापिसाचे साहेब दूरदृष्टीचे. यादी झाली त्याच दिवशी त्यांनी टेपेची एक नक्कल करून घेतली होती आणि हापिसातल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवली होती. ती नक्कल पुण्याला गेली, मशीनवर चढली आणि यादी जशीच्या तशी परत आली. विहीर नोंदवण्याआधीची.

साहेब जीप घेऊन शेतावर आले आणि विहिरीपाशी उभं राहून त्यांनी वाचून दाखवलं, "विहीर नाही."

"मंग तुमी कशाच्या काठावर उभे हाव, साहेब?" सोजराबाईनं संतापून विचारलं.

"मला दिसते हो बाई. पण टेपेत आहे तेच खरं. पुन्हा अर्ज करा." साहेबांनी मानेवरचा घाम पुसला. "ऊन फार आहे. जरा पाणी द्या."

दारात आलेल्या वैऱ्यालाही तिनं कधी पाणी नाकारलं नव्हतं. तिनं दोर ओढला, पोहरा काठोकाठ भरून वर आला. साहेबांनी ओंजळ पुढं केली, तसा तिनं दोर सोडून दिला.



"विहीरच न्हाई, तर पाणी कुठून देऊ?"