आतून बाहेरचं दिसणारा पडदा

"हा नको," वजीर म्हणाले. "यातून डॉक्टर दिसत नाही."

पडदेवाल्याने कॅटलॉगचं पान उलटलं. आजवर गिऱ्हाइकांनी कापडाला बरीच नावं ठेवली होती. ऊन येतं, धूळ बसते, सासूबाईंच्या साडीसारखं दिसतं. डॉक्टर दिसत नाही, हे पहिल्यांदाच.

"काका, पडदा बघायला हवाय की झाकायला?"

"दोन्हीला."

हॉलच्या सरकत्या काचेच्या दाराबाहेर गॅलरी होती, पुढे बारा पावलांचा बोळ, आणि पलीकडे तसंच काचेचं दार. त्यामागे निवृत्त दंतवैद्य राहायचे. दोघं वीस वर्षं बुद्धिबळ खेळत होते, पण आपापल्या घरी बसून. दोन घरांत दोन पट, चाल फोनवर. जिंकायचे नेहमी वजीरच. इतके, की वसाहतीत त्यांचं खरं नाव मागे पडून वजीर एवढंच उरलं होतं.

गेल्या सहा महिन्यांत ते सलग एकतीस डाव हरले होते. मात द्यायच्या आधी डॉक्टर फोनवर म्हणायचे, "जरासं दुखेल हं."

वजीरांनी कारण शोधून काढलं होतं. पुढची चाल ठरवताना ते मोठ्याने पुटपुटत सोंगट्या हलवून बघायचे. डॉक्टर ते काचेतून टिपत असणार.

"दुर्बीण आहे त्याच्याकडे," त्यांनी बायकोला सांगितलं होतं. "वीस वर्षांची मैत्री, आणि माणूस चोरून बघतो! पडदा लागू दे. मग एक डाव. हरला, की त्याला तोंडावर चोर म्हणणार आणि फोन ठेवणार. कायमचा."

"मला मेलीला त्यातला उंट कळत नाही की घोडा," बायको म्हणाली होती. "पण पडदा लावाच तुम्ही."

खरं तर उंट-घोड्यांशी तिचा परिचय जुना होता. पूर्वी जिंकल्यावर वजीर अख्खा डाव जेवताना तिला पुन्हा खेळून दाखवायचे. मिठाची बरणी राजा, चमचा घोडा, वाट्या हत्ती. आमटी गार होईपर्यंत मात व्हायची नाही. हल्ली जेवण शांततेत पार पडे. बायकोचं वजन दोन किलो वाढलं होतं.

उभ्या पट्ट्यांच्या फटीतून दिसेल म्हणून त्या बाद झाल्या. आडव्या पट्ट्यापट्ट्यांच्या झेब्रा पडद्याने वजीरांना चक्कर आली.

"मग हे घ्या," पडदेवाला म्हणाला. "बारीक जाळी आहे, गुंडाळून वर जातं. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. संध्याकाळी आत दिवा लावलात तर मात्र उलटं."

"आमचा डाव सकाळी अकराला असतो."

"मग मिटलं."

त्याने दाराचं माप वर, मध्ये, खाली असं तीनदा घेतलं. "कुठलंच दार सरळ नसतं, काका. सगळ्यात लहान माप धरायचं."

"माणसांचंही तसंच करायला हवं होतं," वजीर म्हणाले आणि त्यांनी समोर रोखून बघितलं. समोरून डॉक्टरांनी हात हलवला.

"स्वयंपाकघरालाही असंच दार आहे, काकू. तिथेही लावू?"

"तिथे नको, वाफ कोंडते," बायको म्हणाली. "आणि तिथल्या गॅलरीतल्या दोरीला हात लावू नका. चिमटे मोजून लावलेत मी. आठ आहेत."

"चिमटे कोण नेतंय, काकू?"

"आजकाल कुणाचा भरवसा आहे का?"

वजीरांनी मान डोलावली. जगात निदान एक माणूस आपलं दुःख समजून घेतो, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी पडदा लागला. अकराला वजीरांनी तो खाली ओढला, समोर बघून जीभ काढून दाखवली. डॉक्टर ढिम्म. समाधानाने ते पटावर बसले आणि मनसोक्त पुटपुटले. बायको दोनदा चहा घेऊन आली, जरा रेंगाळली, गेली.

बाविसाव्या चालीला फोनवरून आवाज आला, "जरासं दुखेल हं."

वजीरांनी आपला राजा पटावर आडवा केला.

"तो चोर नव्हता गं," ते म्हणाले. "मीच म्हातारा झालो."

"मग माफी मागा की. मित्र आहे तुमचा," बायको म्हणाली.

त्यांनी फोन लावला. "डॉक्टर, मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलो रे."

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "असू दे, असू दे. अजून एक डाव टाकू या का?"

वजीरांचे डोळे भरून आले. नवा डाव मांडला. सातव्या चालीला ते पुटपुटले, "आता घोडा पाचव्या ओळीत." बायकोने रिकामा कप उचलला आणि ती आत गेली. फोन करण्याआधी त्यांना वाटलं, मित्राला एकदा डोळे भरून बघावं. ते पडद्यापाशी गेले.

डॉक्टरांच्या डोळ्यांना दुर्बीण होती.

पण ती हॉलकडे नव्हतीच. ती शेजारी, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेली होती. आणि डॉक्टर गालातल्या गालात हसत होते.

अडतीस वर्षांचा संसार वजीरांच्या डोळ्यांपुढून गेला. पडदा नको, वाफ कोंडते. एकेक शब्द आठवत ते अनवाणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि मनाचा हिय्या करून त्यांनी आत डोकावलं.

बायको गॅलरीत पाठमोरी उभी होती. दोरीवर एकही कपडा नव्हता. तिने कडेपासून बोटाने पाच चिमटे मोजले, आणि पाचव्यात एक चमचा अडकवला.