कोरडा गिअर

बळवंतनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लिफ्टच्या गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानावर दाबली आणि डोळे मिटले. डोळे मिटले की माणूस जिवाचा कान करून ऐकतोय, असं बघणाऱ्याला वाटतं. दोन वर्षं ही युक्ती बिनबोभाट चालली होती.

"एकदम ठीक," तो म्हणाला. "तेलपण मापाच्या काठीवर पुरेपूर आहे."

खातीपुऱ्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या गच्चीवर ही मशीनरूम होती, आणि जयपूरचा मे महिना तिच्यात नुसता कोंडून राहिला होता. शेजारी कंपनीची नवी इंजिनिअर सुरुची उभी होती. गळ्यात हेडफोन, हातात सुईवालं यंत्र. तेलाचा दम संपला की गिअरचे दात एकमेकांवर घासतात, आणि तो बारीक आवाज माणसाच्या कानाआधी या यंत्राला कळतो म्हणे. आज बळवंतकाकांचा निकाल आणि यंत्राचा निकाल ताडून बघायचा होता. बळवंतला सकाळचा चहासुद्धा गोड लागला नव्हता. कानांची गोष्ट फुटली की मेकॅनिकची नोकरी गेलीच. तो उगाच चिंध्यांनी पुसलेले हात पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

सुरुचीनं यंत्राची सळई गिअरबॉक्सवर टेकवली. खाली कुणीतरी बटण दाबलं, मोटर फिरली, दोर सरकले. सुई उठली ती थेट लाल पट्ट्यात जाऊन बसली.

"काका, हे तर कोरडं आहे! मतलब, तेल आहे, पण काम नाही करत आहे." पोर जयपुरातच वाढलेली, तिचं मराठी हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालायचं. "तुम्ही पण ऐका ना."

नाही कसं म्हणणार? त्यानं हेडफोन चढवला. काहीच नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं. त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि आवाजाची खुंटी हळूच फिरवली. अर्ध्यावर. पाऊणवर. शेवटी खुंटी पुढे सरकेना, तेव्हा कुठे आवाज आला.

तडतड. कढईत लाह्या फुटाव्यात तशी.

दोन वर्षांनी त्याला गिअर ऐकू आला होता. क्षणभर इतका आनंद झाला, की तो भिंतीकडे बघून वेड्यासारखा हसला. मग त्या तडतडीचा अर्थ डोक्यात शिरला. हे दात झिजून गेले की ब्रेक असून नसल्यासारखा, कारण ब्रेक धरतो मोटरीला, दोर पेलणाऱ्या चाकाला नाही. मागच्याच महिन्यात त्यानं इथं उभं राहून डोळे मिटले होते आणि सही ठोकली होती. याच लिफ्टमधून रोज स्ट्रेचर वरखाली होत होती.

"बघू," म्हणत सुरुचीनं हेडफोन घेतला, कानांवर ठेवला आणि किंचाळून ओढून काढला.

"बाप रे! कान फाटले माझे!"

तिनं खुंटीकडे पाहिलं. मग बळवंतकडे पाहिलं. हुशार मुलगी, काय ते समजायला तिला वेळ लागला नाही.

"हात लागला असेल ना, काका?" ती म्हणाली. "चुकून?"

हे तिनं त्याच्या अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून विचारलं. मनानं चांगली होती बिचारी. नुसतं हो म्हटलं असतं तर सुटला असता तो. नोकरी राहिली असती, घरी बायकोला, विनयाला, काही सांगावं लागलं नसतं. हो अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

तो सरळ बाहेर गेला. चौकीदाराला हाक मारून लिफ्ट वरच्या मजल्यावर मागवली, ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि आत येऊन मेन स्विच खाली ओढला.

"भैया, सब दरवाजों पे बोर्ड टांग दो," तो ओरडला. "आज नहीं चलेगी."

सुरुची तेलाच्या उलट्या डब्यावर बसून वहीत मान घालून लिहू लागली. लिहिता लिहिता तिनं काहीतरी विचारलं. बळवंतला तिचे ओठ हललेले तेवढे दिसले. अशा वेळी हसून मान डोलवायची, हे आता अंगवळणी पडलं होतं. मान डोलायला निघालीच होती, पण ती त्यानं तिथंच आवरली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि फक्त घरात बोलायचा त्या वऱ्हाडीत म्हणाला,

"वर पाहून बोल, पोरी. मले आयकू येत नाही. आन् लिही तिथं, एकतीस लिफ्टा म्या अशाच पास केल्या."