पालथ्या हातावरचं कॅव्हिअर

"आगबोटीचा कप्तान मला रोज कॅव्हिअर खिलवायचा," ही ठमाआजीची थाप अख्ख्या आळीला पाठ होती. म्हणून नातसुनेनं दुबईहून खरीखुरी डबीच विकत आणली.

आत माशाची काळी, चकचकीत अंडी. आजीनं ती जन्मात पाहिली नव्हती.

"खाऊन दाखव की गं ठमे," शेजारची दुर्गी टपूनच बसलेली. "कळू दे कप्तान खरा की खोटा!"

आजीच्या तळहाताला मिश्री लागलेली. तिनं हात पालथा केला, वर चार दाणे ठेवले आणि चाटले.

"अगंबाई! दुकानदारानंही असंच चाखायला सांगितलं होतं," नातसून ओरडली.

दुर्गीचं तोंड मिटलं, आजीचं उघडंच राहिलं. तिचं तिलाच वाटलं, तो कप्तान खरंच होता की काय?

मग ओठ पुसत ती म्हणाली, "बरंय. पण कप्तानाचं ताजं असायचं."