सव्वीस जानेवारीचं सूत्रसंचालन

"सतरा सेकंद," रत्नदीप सर मोबाइलमधलं घड्याळ दाखवत म्हणाले. "तिसऱ्या वाक्यानंतर सतरा सेकंद तू गप्प होतीस. काय झालं?"

हिंगणघाटच्या तालुका वक्तृत्व स्पर्धेत काजलचा दुसरा नंबर आला होता. पहिले दोन नंबर जिल्ह्याला जाणार होते. तरी तिला रडू येत होतं.

"समोर बाबा बसून होते, सर."

"ओरडले?"

"नाई. नुसते पाहून राह्यले होते."

रूपरावांचं पाहणंच पुरेसं असे. गावात लहानथोर त्यांना सरपंच म्हणत. सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असत. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाला दाखला हवा. ग्रामसेवक गजेंद्र फाइल घेऊन घरीच येई. रूपराव ती न उघडता म्हणत, "ठेवून जा. संध्याकाळलोक सह्या होऊन जातीन."

जिल्ह्याची स्पर्धा वर्ध्याला होती. अकरावीतल्या काजलने सरावाची पद्धत बदलली. तिची आई आनंदाबाई संध्याकाळी पोळ्या लाटायला बसली, की ती समोर उभी राहून भाषण म्हणे. रोज एकदा, सात मिनिटं. कुठे अडखळली ते नंतर वहीत टिपून ठेवी. आठ दिवसांत अडखळण्याच्या जागा अकराच्या दोन झाल्या.

आई मधेच विचारी, "हात कुठं ठेवतं तू?"

"बाजूले सोडायचे. माइकचा दांडा नाई धरायचा."

"अन् पाय कापले त?"

"एकच कापते. त्याच्यावर भार द्यायचा."

"अन् लोक हासले त?"

"हासू द्यायचं. हासणं थांबलं का पुढचं वाक्य." काजलने कमरेवर हात ठेवले. "तू काऊन इतकं विचारून राह्यली वं? तुले जायचं हाय का स्पर्धेले?"

आनंदाबाई हसली. "पोळी पलटव आधी. जळून राह्यली."

वर्ध्याला काजलचा पहिला नंबर आला. रूपराव आले नव्हते. त्यांची पंचायत समितीत बैठक होती. परतताना एसटीत रत्नदीप सर म्हणाले, "छान बोललीस. पण आपल्याला जे तपासायचं होतं, ते तपासलंच गेलं नाही."

"बाबा नव्हते."

"हो. बाबा नव्हते."

संधी लवकरच आली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेचं सूत्रसंचालन काजलकडे द्यावं, असं गजेंद्रने सुचवलं. रूपराव खूश झाले.

"माही पोरगी जिल्ह्यात पयली आली, बोलू दे तिले," ते ओट्यावरच्या माणसांना म्हणाले. मग काजलकडे वळले. "पन लंबं नको करू, बाई. माया भाषणाले टाइम ठेवजो."

"हो, बाबा."

आदल्या दिवशी तिने कार्यक्रमाचा कागद सरांना दाखवला. सरांनी तो दोनदा वाचला.

"बाबांसमोर म्हणशील हे?"

"माहीत नाई, सर. पाहतो म्हणून."

झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर सभा भरली. दीडशेक माणसं होती. बायका एका बाजूला सतरंजीवर, त्यांच्यात आनंदाबाई. मंचावर मधल्या खुर्चीत रूपराव, अंगात नवं जॅकेट, हातात भाषणाचा कागद. काजल माइकपाशी आली आणि तिने मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहतच होते. तिने मनात तीनपर्यंत मोजलं आणि बोलायला सुरुवात केली.

स्वागत झालं. दहावीतल्या मुलांचे सत्कार झाले. एकही शब्द अडला नाही. रूपराव शेजारच्या माणसाकडे झुकून म्हणाले, "पाह्यलं? मायावर गेली."

"आता सरपंच बोलतील," काजल म्हणाली.

टाळ्या पडल्या. रूपराव उठले, जॅकेट खाली ओढलं, माइककडे आले आणि हात पुढे केला. काजल बाजूला झाली नाही.

"बाबा, तुमी बसा," ती माइकमधूनच म्हणाली. "तीन वर्षांआधी गावानं मतं देऊन निवडलं, त्या सरपंचाले बोलावलं मी. आई, वर ये."