तेरा लाल गोल

"हा मोर आहे की जिना?" उत्कर्षाबाईंनी कागद उंच धरला आणि सातवीचा वर्ग खो खो हसत सुटला.

मोर खरंच पायऱ्यापायऱ्यांचा होता. मान पायऱ्यांची, पाठ पायऱ्यांची, पिसारासुद्धा टप्प्याटप्प्याने चढून पलीकडे तसाच उतरलेला. गोलाई औषधालाही नव्हती. बाईंनी लाल पेन काढलं आणि पिसाऱ्याची रेष जिथे जिथे जास्तच मोडली होती तिथे एकेक गोल ओढला. तेरा गोल झाले.

"मोर असाच असतो की, बाई," सुकन्या खाली मान घालून म्हणाली.

"मग घरी जाऊन विचार, असा मोर कुणी पाहिलाय का ते."

बाई एरवी अशा नव्हत्या. पण त्या दिवशी सकाळीच मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. शनिवारी पालकांसाठी चित्रप्रदर्शन. गेली तीन वर्षं भिंतीवर तेच दोन डोंगर, तीच नदी, तेच झोपडं. याही वर्षी तेच दिसलं तर चित्रकलेचा तास स्कॉलरशिपच्या वर्गाला जाणार होता. प्रदर्शनासाठी बाईंनी आधीच आठवडाभर मोबाइलवर देशोदेशीच्या शाळांचे उपक्रम बघून डोळे फोडून घेतले होते. डोक्यात काही म्हणता काही येत नव्हतं. तो सगळा राग त्या बिचाऱ्या मोरावर निघाला.

दुसऱ्या दिवशी सुकन्या शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता मात्र बाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. शाळा सुटल्यावर त्या पत्ता विचारत भवानी पेठेतल्या तिच्या घरी पोचल्या. शेजारी चादरींचे माग खडखडत होते. दारातूनच त्यांना सुकन्या दिसली. ती तापाने फणफणली नव्हती की रुसलीही नव्हती. चौकटी-चौकटीच्या भल्यामोठ्या कागदावर बोट ठेवून ती मोजत होती, "चौदा, पंधरा, सोळा. अज्जा, हितं निळा."

अज्जा म्हणजे तिचे आजोबा, शंकरप्पा. नाक कागदाला टेकेल इतके वाकून ते बारीक ब्रशने एकेक चौकोन भरत होते.

"या की बाई, बसा," ते म्हणाले. "पोरीला मीच ठिवून घेतलं, तिला रागावू नका. चाळीस वर्सं चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढले मी. आता कम्प्युटर आलाय, आमाला कोन विचारतंय? पर परवा पोरीनं ह्यो मोर आनून दाखवला आन् ऱ्हावलं न्हाई. मला ही बारीक घरं दिसत न्हाईत. ती मोजती, मी भरतो."

"पण अज्जा, ह्या पायऱ्या..." बाई चाचरत म्हणाल्या.

"मागाला वाकडं चालता येत न्हाई बाई. एकेक घर सरकत जायचं. लांबनं बघितलं की आपसूक गोल दिसतंय."

बाईंनी खाटेवरच्या चादरीकडे पाहिलं. तिच्यावर मोर होता, चांगला गोल मानेचा. त्या जवळ गेल्या, वाकल्या. मान पायऱ्यांची होती. जन्मापासून त्या असल्याच चादरी पांघरत आल्या होत्या. चित्रकलेची पदवी घेतलेल्या बाईंना एकदाही ते दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"नमुना एक नंबर होता," शंकरप्पा सांगत होते. "पर पिसारा आंधळा. पोर पिसांवरचे डोळे काढायला इसरली. तुमी बरोबर हेरलं आन् लाल शाईनं दावून दिलं. नमुन्यावरचा ठिपकाबी सोडायचा न्हाई, ही आमची शिस्त. तेराच्या तेरा घेतलेत बघा."

बाईंनी ग्राफ पाहिला. पिसाऱ्यावर तेरा लाल डोळे लखलखत होते.

"अज्जा, ते डोळे नव्हते. ते मी..."

अज्जांच्या पाठीमागे सुकन्याने घाईघाईने मान हलवली. नको, बाई. सांगू नका.

शुक्रवारी चित्रकलेच्या तासाला बाईंनी गणिताच्या चौकटीच्या वह्या काढायला लावल्या. घरं मोजायची, भरायची, गोल रेष काढायची नाही. कुणाचं मांजर, कुणाची रिक्षा, कुणाची आजी पायरीपायरीने उगवू लागली. स्कॉलरशिपचं वेळापत्रक घेऊन आलेले मुख्याध्यापक दारातच थबकले. मग ते एका बाकाशी गेले, चार पावलं मागे सरले, पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे सरले.

"हीच लावा उद्या," एवढंच म्हणाले आणि वेळापत्रकाची घडी खिशात घालून निघून गेले.

बाई स्वतः फळ्यावर पट्टीने घरं आखून मोर काढत होत्या. घामाघूम झाल्या, दोनदा मोजणी चुकली, तीनदा पुसावं लागलं. शेवटी त्यांनी लाल खडू पुढे धरला.

"सुकन्या, इकडे ये. माझं कुठं कुठं चुकलंय ते गोल करून दाखव."

सुकन्याने खडू घेतला. पिसाऱ्यावर एकेक करत तिने मोजून तेरा गोल काढले आणि खडू बाईंच्या हातात परत दिला.

"चुकलं न्हाई बाई. डोळे ऱ्हायले होते."