डेल्बर्टची हजेरी

कॅन्ससमधलं आमचं इस्पितळ गावाच्या मालकीचं. ते चालतं आमच्या करावर आणि चालवतं आम्हीच निवडलेलं बिनपगारी मंडळ. अध्यक्षपद कोणालाच नको असतं, त्यामुळे बैठकीला जो नसेल त्याच्या गळ्यात ते मारायची आमची रीत आहे. म्हणून परवा इस्पितळातल्याच बैठकीला झाडून सगळं गाव हजर होतं.

राजम्याची चिली खाऊन झाल्यावर डेल्बर्टच्या छातीत कळ आली.

"ऊठ, डॉक्टर शेजारच्याच खोलीत आहेत," त्याची बायको आयोना म्हणाली.

"आधी निवड होऊ दे. मी हललो की हे मलाच निवडतील."

"मेलास तरी गैरहजरच धरतील."

शेवटी चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेलं.

 

तासाभराने नर्स जोलीन त्याला म्हणाली, "नुसता गॅस होता, अध्यक्षसाहेब."